साहेब, ही गोळी "पुढच्या सोमवारी या" वाली नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

नमस्कार. मी नागपूरची, मानेवाड्याकडं राहते. मागच्या महिन्यात माझा लहान भाऊ पहाटे बाथरूममधे पडला, भुवईवर सहा टाके पडले. तो काहून पडला तेवढं सांगायला लिहून राहिली आहे.

त्याला स्किझोफ्रेनिया आहे, बारा वर्षं झाली. क्लोझापीन चालू आहे, रात्री 300 मिलिग्रॅम. त्याआधी दोन औषधं पूर्ण डोसमधे देऊन झाली होती, कानातले आवाज काही थांबले नाहीत. तिघांतल्या जवळपास एका पेशंटचं असं होते म्हणतात, आणि मग हीच गोळी उरते. ताटात विष आहे म्हणून तो वर्षानुवर्षं जेवण ढकलून द्यायचा. ही गोळी लागू पडल्यावर एक दिवस म्हणाला, "आई, भाजीत मीठ कमी आहे." आई गॅसपाशी उभ्या उभ्या रडली.

ती गोळी खिडकीवर नव्हती साहेब. सरकारी दवाखाना, दीड तास लाईन, आणि आतून उत्तर काय तर स्टॉक नाही, पुढच्या सोमवारी या. बाहेर दोन मेडिकलमधे नव्हती, तिसऱ्याकडं 25 च्या चारच गोळ्या, त्या एका रात्रीत संपल्या. मग चार दिवस काहीच नाही. तिसऱ्या रात्रीपासून तो झोपला नाही, पंख्यातून कोणी नाव घेऊन हाका मारते म्हणाला. सोमवारी स्ट्रिप मिळाली, देणाऱ्यानं तोंडातून शब्द काढला नाही, आईनं नेहमीसारख्या 100 च्या तीन गोळ्या दिल्या आणि पहाटे बीपी उतरून तो पडला.

टाके घालणाऱ्या डॉक्टरनं मला पहिल्यांदा सांगितलं की 48 तासांवर खंड पडला तर ही गोळी परत साडेबारा मिलिग्रॅमपासून, म्हणजे 25 ची अर्धी, सुरू करायची असते. सात वर्षं आम्ही ही गोळी देतो आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं! बद्धकोष्ठ झालं तर जिवावर बेतू शकते, या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरू शकतात म्हणून घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा, हे मी स्वतः वाचून शिकली. पावसाळ्यात इथं घरोघरी डेंग्यू, त्यातही पांढऱ्या पेशी उतरतात, मग आम्ही काय समजायचं?

धोका मला मान्य आहे. 1975 मधे फिनलंडमधे याच औषधावर पेशंट दगावले होते, अमेरिकेत ते 1989 मधे रक्ततपासणीच्या अटीवरच मंजूर झालं. भावाची आधी 18 आठवडे दर आठवड्याला तपासणी, मग वर्षापर्यंत पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. आम्ही एकही चुकवली नाही, बाहेरच्या लॅबमधे पैसे भरून केल्या. त्याच अमेरिकेत 2025 मधे एफडीएनं, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यानं, तपासणीची नोंद दाखवल्याशिवाय गोळी नाही ही सक्ती काढली, कारण कागदांपायी पेशंटची गोळी अडत होती. आमच्याकडं कागद पूर्ण आणि गोळी नाही.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे न? कलम 18 वाचा. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडं फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. कायम, म्हणजे सोमवारची वाट न पाहता. गेल्या वर्षी मी लेखी तक्रार दिली तेव्हा एक साहेब म्हणाले, "ताई, तीन महिन्यांचा साठा ठेवू, काळजी करू नका." मी विश्वास ठेवला, पेढे घेऊन गेली होती. केंद्राच्या आरोग्य बजेटातला जेमतेम एक टक्का मनाच्या आजारांना, आणि तोही कुठं जिरते ते आमच्यासारख्यांना दिसत नाही. हिवाळी अधिवेशनाला नागपुरातले रस्ते आठ दिवसांत गुळगुळीत होतात, म्हणजे मनात आणलं की तुमच्याकडून होते. वेडाच्या पेशंटची मतपेढी नाही, मोर्चा नाही, घरचे लाजेनं बोलत नाहीत, म्हणून होत नाही. मी आता लाजणार नाही.

क्लोझापीनचा साठा शून्यावर जाऊ देऊ नका, सीबीसी तिथंच करा, आणि 48 तासांची गोष्ट मराठीत छापून प्रत्येक स्ट्रिपसोबत द्या.

भावाचा डोस आम्ही परत खालून वाढवत आणला, आज 150 वर आहे. काल रात्री त्यानं ताट सरकवलं. हातातली स्ट्रिप 22 तारखेला संपते, मी सकाळी आठलाच खिडकीवर उभी राहीन.

एका पेशंटची बहीण,
नागपूर