हातावरची चिमूटभर साखर

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

त्रिपुरी पौर्णिमाही होऊन गेली, तरी हे पत्र पुरे होत नव्हते. समोर येऊन बोलले असते तर मला रडू आले असते आणि तुम्ही ‘त्यात काय एवढे’ म्हणून चहा ठेवायला उठला असता. म्हणून लिहिते आहे, आणि आपल्या इमारतीतल्या इतरांच्याही वाचनात यावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

श्रावणात मुलांचे बाबा गेले. दुखवट्याच्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढवायची नाही, फराळ आप्तांनी आणि शेजाऱ्यांनी आणून द्यायचा, ही रीत मी आजवर किती घरांसाठी पाळली आहे! सुतक दहा दिवसांचे असते. आमच्या आप्तांनी ते सोयीने दिवाळीपर्यंत लांबवले. तेराव्याला ‘काही लागले तर हक्काने सांगा’ म्हणालेल्यांची पणत्यांची चित्रे मात्र वसुबारसेपासून फोनवर नेमाने येत होती. जिन्यात एका बाईंनी, माझा सहा वर्षांचा मुलगा शेजारी उभा असताना, आपल्या मुलाला ‘त्यांच्याकडे जाऊ नकोस, त्यांच्याकडे दिवाळी नाही’ असे बजावले. त्याने वर येऊन मला विचारले, “मग आपल्याकडे काय आहे?”

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून यमासाठी ठेवत होते. यंदा एवढा एकच दिवा लावायचा असे मनाशी ठरवले होते. तेवढ्यात तुमची नात दारात आली, दोन्ही हातांत स्टीलचा डबा, झाकण घट्ट बसावे म्हणून हनुवटीने दाबून धरलेले. करंज्या, चकल्या, चिवडा सगळे होते, आणि त्यात एकही चकली मोडकी नव्हती. (मोडका माल बाहेर आणि अख्खा घरात, हा हिशेब पुष्कळ घरांत चालतो, म्हणून मुद्दाम सांगते.)

डबा रिकामा परत देऊ नये म्हणून मी साखरेच्या बरणीत हात घातला आणि तिथेच थबकले. या घरची साखर तुमच्याकडे चालेल का, असा विचार मनात आला. तो दुसऱ्यांनीच माझ्या मनात पेरला होता, पण आला खरा. तुमच्या नातीने डबा बाजूला ठेवला आणि तळहात पुढे केला. “मला हातावरच द्या ना. आजी म्हणते, ज्यांच्याकडे द्यायला जायचं, त्यांच्याकडचं काहीतरी खाऊनच यायचं.” ती उंबऱ्याच्या आत येऊन, माझ्या मुलांसमोर उभी राहून ती साखर चाटून खात होती, मनगटापर्यंत. मग फ्रॉकला हात पुसले आणि माझ्या मुलीला “किल्ला बघायला येतेस?” म्हणून विचारले.

काकू, तुमच्या घरचा हा नेम मला नंतर कळला. घरातल्या कोणी तोंडात घालण्याआधी पहिला घाणा डब्यांत भरायचा, ते डबे मुलांनीच न्यायचे, आणि रखवालदाराच्या खोलीत काय किंवा झाडूकाम करणाऱ्या मावशींकडे काय, जे पुढे येईल ते, निदान घोटभर पाणी तरी, घेऊनच परतायचे. देणे पुष्कळ जण शिकवतात. आमच्या शाळेतही दिवाळीआधी जुन्या कपड्यांची गाठोडी बांधून घेत, पण ती कोणाकडे जातात हे आम्ही कधी पाहिले नाही. समोरच्याकडून घ्यायलाही शिकवणारे घर मी हे पहिलेच पाहिले.

भाऊबीजेच्या ओवाळणीतले काही पैसे तुमची नात भाऊबीज निधीच्या पावतीसाठी बाजूला काढते, हेही तिनेच सांगितले. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, त्याच संस्थेसाठी आजही घरोघरी हा निधी गोळा होतो. तुम्ही मला त्या पावतीच्या ओळीत बसवू शकला असता. मी तुमच्या लेखी शेजारीणच राहिले, याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मुलाने एका करंजीचे दोन तुकडे केले आणि मोठा बाबांच्या फोटोपुढे ठेवला. मी काही बोलले नाही. रात्री तो त्यानेच खाल्ला.

तुमचा डबा अजून माझ्याकडे आहे. वर्षश्राद्ध झाले की पुढच्या दिवाळीला तो भरून पाठवीन. घेऊन कोणी जायचे यावरून आमच्याकडे आतापासूनच भांडण सुरू आहे. तेवढे अनारशाच्या पिठाचे प्रमाण लिहून ठेवावे. माझे अनारसे दरवर्षी तुपात हसतात, आणि ते पाहून मुलांचे बाबाही हसत असत.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची