खुले पत्र : बासष्ट ते सत्तर, या आठ वर्षांचं काय?

माननीय वित्तमंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदूरच्या एका शासकीय शाळेतून ३० जून २०२३ रोजी निवृत्त झालेली शिक्षिका. अडतीस वर्षं शासनाला जे काही लिहिलं ते हिंदीत लिहिलं. रजेचे अर्ज, निवडणूक ड्यूटीचे खुलासे, शेवटी पेन्शनचे कागद. या पत्राचीही हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवते आहे. पण रामबाग, सुदामानगर, तिलकनगर, राजेंद्रनगर या भागांत आमच्यासारखी मराठी पेन्शनरांची पुष्कळ घरं आहेत. त्यांनी हे वाचावं आणि आपापलं गाऱ्हाणंही लेखी पाठवावं, म्हणून इथे मराठीत लिहिते.

आपला कर्मचारी ६२व्या वर्षी निवृत्त होतो. केंद्राचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ७० पूर्ण झाल्यावर मिळतं. मधली आठ वर्षं त्याने आजारी पडायचं नाही, असं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. व्यवहारात मात्र तसंच झालं आहे.

आमच्या घरचं सांगते. ह्यांचा छोटा छापखाना होता, तो कोरोनात बंद पडला. तेव्हापासून घर माझ्या पगारावर, आणि नंतर माझ्या पेन्शनवर. मी निवृत्त झाले त्याच वर्षी नोव्हेंबरात, ज्या आठवड्यात मी जीवन प्रमाणपत्र (हयातीचा दाखला) द्यायला बँकेत जाणार होते, त्या आठवड्यात पहाटे ह्यांच्या छातीत कळ आली. शेजारच्या मुलाने गाडी काढली. जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, कारण डाव्या हाताला मुंग्या येत असताना माणूस सगळ्यात जवळचं दार बघतो.

काउंटरवरचा पहिला प्रश्न होता, "कैशलेस है क्या?" घाईत मी कपाटातून पेन्शनचीच फाइल उचलून आणली होती. त्यातली पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत मी पुढे केली. का केली, ते आजही सांगता येणार नाही. त्यावर शासनाचं नाव होतं, शिक्का होता. एवढी वर्षं त्या शिक्क्यावर माझा भरवसा होता. काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. तिने ती प्रत पाहिली, सरळ करून मला परत दिली आणि म्हणाली, "आंटी, ये तो पेंशन का कागज़ है." मग एक लाख आगाऊ भरा म्हणाली.

अँजिओप्लास्टी झाली, ह्यांचा जीव वाचला. डॉक्टरांचे उपकार आहेत. बिल झालं २ लाख १४ हजार. स्टेंटची कमाल किंमत केंद्राने २०१७ मध्ये बांधून दिली, तेवढी ओळ बिलात आटोपशीर होती. बाकीच्या ओळींना असं कुणी बांधलेलं नाही. ग्रॅच्युइटीतून केलेली एक एफडी मुदतीआधी मोडली.

आपण विचाराल, विमा नव्हता का? होता. निवृत्त होताच मी दोघांचा ५ लाखांचा विमा घेतला होता, पहिल्या वर्षी ४६ हजार भरून. पण ह्यांना रक्तदाब आणि मधुमेह आधीपासून, आणि पॉलिसीत लिहिलं होतं की जुन्या आजारांना चार वर्षं थांबावं लागेल. दावा नामंजूर झाला. नंतर २०२४ मध्ये विमा नियामकाने ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाशी बोला, असं २०२५ च्या सुरुवातीला कंपन्यांना बजावलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. या तिन्ही गोष्टींबद्दल मनापासून आभार. तरी जो विमा चाळिशीत काढायला हवा होता, तो बासष्टाव्या वर्षी बाजारात जाऊन काढणं म्हणजे काय, हे दर वर्षी नूतनीकरणाचा मेसेज आला की कळतं.

चाळिशीत का नाही काढला, याचंही उत्तर देते. तेव्हा आम्हाला वाटत होतं की गरज नाही. नोकरीत असताना वैद्यकीय परिचर्येचे नियम होते. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं बिल चौदा महिन्यांनी, बरीच कपात होऊन मिळालं, पण मिळालं. अवलंबून म्हणून ह्यांचं नावही त्या नियमांत बसलं असतं. निवृत्तीनंतर ह्यांचं बिल घेऊन मी जुन्या कार्यालयात गेले तेव्हा बाबूंनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सांगितलं की मॅडम, हे आता होत नाही. पाच महिन्यांपूर्वी ह्यांना हाच झटका आला असता तर तेच बाबू तेच बिल घेऊन, आवक क्रमांक टाकून पुढे पाठवणार होते. तरुण वयात शरीर धडधाकट असताना शासन बिल भरतं आणि म्हातारपणी हात काढून घेतं, हा क्रम उलटा आहे, महोदय. आम्ही मुलांना गणितात असा क्रम लिहू दिला नसता.

२०२० च्या सुरुवातीला आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने आरोग्य विम्याची योजना मंजूर केली होती. साधारण आजारांना ५ लाख, गंभीर आजारांना १० लाख. स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मार्चमध्ये सरकार बदललं, मागोमाग लॉकडाउन लागला. माझ्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते कार्ड माझ्या हातात आलं नाही. शेजारी बघा. राजस्थानने २०२१ मध्ये कर्मचारी आणि पेन्शनर दोघांसाठी आरजीएचएस ही आरोग्य योजना सुरू केली. गुजरातने २०२५ मध्ये दोघांसाठी १० लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आणली. माझी धाकटी नणंद बडोद्याला राहते, तीही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. दिवाळीला आली तेव्हा तिने पर्समधून ते कार्ड काढून ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि काही न बोलता परत दिलं.

आम्ही फुकट मागत नाही. पगारातून दरमहा कापा, पेन्शनमधूनही कापा. पंचवीस वर्षांच्या नव्या शिक्षकापासून ऐंशीच्या पेन्शनरापर्यंत सगळे एका छत्रीखाली आले की तरुणांच्या वर्गणीतून म्हाताऱ्यांचा खर्च निघतो आणि ते तरुण म्हातारे झाले की त्यांचाही निघतो. विम्याचा मूळ हिशेब हाच आहे. आम्हाला एकेकट्याला बाजारात सोडलं की कंपनी फक्त आमचं वय बघते.

आता महागाई राहतीबद्दल, म्हणजे पेन्शनरांना मिळणाऱ्या महागाई भत्त्याबद्दल. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं. राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ४९ पेन्शनच्या भाराच्या वाटणीबद्दल आहे. त्याचा आधार घेऊन दर वेळी राहत वाढवण्याआधी रायपूरची, म्हणजे छत्तीसगड सरकारची, संमती मागवली जाते. फाइल तिकडे जाते, थांबते, परत येते. कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता मिळाला, मागचं एरियर हप्त्याहप्त्याने का होईना, मिळालं. आम्हाला मात्र उशिरा, आणि आदेशात जी तारीख असेल तिथूनच पुढे. मधले महिने गेले ते गेलेच. मूळ पेन्शन ३०,००० धरली तर ३ टक्के वाढ म्हणजे महिन्याला ९०० रुपये. भोपाळमध्ये ही रक्कम लहान दिसेल. आमच्या घरी ह्यांच्या रक्त पातळ ठेवण्याच्या, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं ते साधारण पंधरा दिवसांचं बिल आहे. वाटा किती कुणाचा, हा दोन सरकारांनी आपसांत मिटवायचा हिशेब. आधी पेन्शनरला द्या, मग पंचवीस वर्षं चाललं आहे तसं पत्रव्यवहार करत बसा. औषधवाला संमतीसाठी थांबत नाही.

माझी पेन्शन निदान जुन्या पद्धतीची आहे. त्यातला तिसरा हिस्सा मी विकला, म्हणजे त्याबदली एकरकमी पैसे घेतले, मुलाच्या घराला मदत म्हणून. तो पंधरा वर्षांनी, माझ्या ७७व्या वर्षी, परत चालू होईल. हा निर्णय मी उघड्या डोळ्यांनी घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या शाळेतल्या ज्या मुली १ जानेवारी २००५ नंतर लागल्या, त्यांना तेवढाही आधार नाही. त्यांच्यातल्या काही आधी शिक्षाकर्मी, मग अध्यापक (दोन्ही नियमित शासकीय शिक्षकांहून वेगळी पदं), आणि १ जुलै २०१८ पासून शासनाच्या नव्या शिक्षक संवर्गात. एकाच फळ्यासमोर वीस वर्षं उभ्या राहिल्या, कागदावर मात्र नोकरी २०१८ पासून. त्यांच्या एनपीएस (नव्या पेन्शन योजनेच्या) खात्यातल्या रकमेचा किमान ४० टक्के भाग निवृत्तीच्या वेळी ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीकडून पेन्शन विकत घेण्यात, जाणार आणि त्यातून जे येईल ती पेन्शन. त्यातल्या एकीने मला तिच्या खात्यातला आकडा दाखवला. तो मी इथे लिहिणार नाही, तिचा आहे. पण तिची आधीची वर्षं मोजा, एवढी विनंती तिच्या वतीने करते. आणि या मुलींना आरोग्याचं कार्ड माझ्याहून जास्त लागेल, कारण दवाखान्यात मोडायला त्यांच्याजवळ ग्रॅच्युइटीची एफडीही धड असणार नाही.

येत्या अर्थसंकल्पात कर्मचारी आणि पेन्शनरांच्या कॅशलेस योजनेसाठी तरतूद करा आणि ती ज्या तारखेपासून लागू होईल ती तारीख सभागृहात सांगा. सगळ्यांना एकदम घेणं जमत नसेल तर ६२ ते ७० वयाच्या निवृत्तांपासून सुरुवात करा. त्यांना आज दुसरं कुठलंच दार नाही.

ह्यांना आता ६७ चालू आहे. रोज सकाळी शेजारच्या बागेत चार फेऱ्या मारतात, तिसऱ्या फेरीला बाकावर बसतात. सहा महिन्यांनी तपासणी करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याला आता आठ महिने झाले. दर वेळी म्हणतात, बरं आहे मला, पुढच्या महिन्यात बघू. ते असं का म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि आपल्यालाही कळावं म्हणून हे पत्र.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर