यीस्टच्या जनुकाविषयी, आई-बाबांस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

केळीच्या कांदेबागेचं पाणी सुरळीत चालू आहे आणि आईच्या गुडघ्याला उतार पडलाय, हे कळून बरं वाटलं. बाबा, त्याच फोनवर तुम्ही विचारलंत की पावाच्या यीस्टवर एवढी वर्षं घालवण्यापेक्षा माणसाच्या आजारावर काम का करत नाहीस. ते फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी ज्या जनुकावर काम करते त्याचं नाव सीडीसी-९. एका पेशीच्या दोन होण्याआधी तिला सगळ्या डीएनएची नक्कल करून ठेवावी लागते; डीएनए म्हणजे रासायनिक अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि यीस्टमध्ये ही अक्षरं सुमारे एक कोटी वीस लाख. डीएनएचे दोन धागे उलट दिशांनी धावतात, आणि नक्कल करणाऱ्या एन्झाइमला (पेशीतली कामं घडवणाऱ्या प्रथिनाला) एकाच दिशेनं जाता येतं. म्हणून एका धाग्याची नक्कल सलग उतरते, दुसऱ्याची दीड-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांनी. हे तुकडे १९६०च्या दशकात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी जोडप्यानं शोधले. रेइजींना कोवळ्या वयात हिरोशिमाच्या बॉम्बचा किरणोत्सर्ग लागला होता. १९७५ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी ते रक्ताच्या कर्करोगानं गेले. त्सुनेकोंनी काम पुढे चालू ठेवलं. त्यांच्याबद्दल वाचलं की मला दर वेळी भरून येतं.

तर हे तुकडे सांधणारं एन्झाइम म्हणजे लायगेज, आणि यीस्टमध्ये ते सीडीसी-९ वरून तयार होतं. बाबा, ठिबकच्या नळ्या कितीही सरळ अंथरल्या तरी जॉइनर बसल्याशिवाय शेवटच्या केळीला पाणी पोचत नाही, तसंच हे. डीएनएला इजा झाली, खराब भाग कापून नवा भरला, तरी शेवटची फट हेच एन्झाइम बुजवतं.

लेलंड हार्टवेल यांनी अमेरिकेत यीस्टचे असे वाण वेचून काढले होते, जे एखादं जनुक बिघडल्यामुळे थंडाव्यात वाढतात आणि ऊब वाढली की थांबतात. त्या कामासाठी त्यांना २००१ चं नोबेल विभागून मिळालं. सीडीसी-९ त्यांच्याच यादीतलं. बिघडलेल्या सीडीसी-९ चं यीस्ट मी दोन प्लेटवर लावते. २५ अंशांवरच्या प्लेटवर दोन-तीन दिवसांत सायीच्या रंगाचे ठिपके उठतात, पावाच्या पिठासारखा आंबूस वास येतो. ३७ अंशांवरची प्लेट कोरी. तिथली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर मोठी कळी, म्हणजे नवी पेशी, फुटलेली, जवळजवळ मूळ पेशीएवढी, पण दोघी वेगळ्या होत नाहीत. तुकडे सांधले गेलेले नाहीत हे पेशीला कळलेलं असतं, म्हणून ती थांबते. थांबायला सांगणारं जनुक वेगळं, रॅड-९. तेही काढून टाकलं तर पेशी तुटका डीएनए घेऊन तशीच पुढे जाते आणि मरते. मला या सगळ्यात हे थांबणंच सर्वांत विलक्षण वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. आपल्या पेशींतही या जनुकाचं भावंड आहे, लिग-१. ते माणसाचं जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं, तर यीस्ट ३७ अंशांवरही वाढायला लागतं. यीस्ट आणि माणूस वेगळे होऊन शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली, तरी काम तेच. १९९२ मध्ये एका रुग्ण मुलीत लिग-१ बिघडलेलं सापडलं. तिची वाढ खुंटली होती, प्रतिकारशक्ती कमी होती, ऊन सोसत नव्हतं. अशा आजारात नेमकं काय अडतं, हे माणसावर प्रयोग करून बघता येत नाही. यीस्टमध्ये बघता येतं. म्हणजे बाबा, मी माणसाच्या आजारावरच काम करतेय.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर सांगते. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या पेशींतला डीएनए बिघडवतात. पेशी तो दुरुस्त करत राहतात आणि त्यात लिग-१चाही हात असतो. पण रोज उघड्या मानेनं बागेत उभं राहून त्या दुरुस्तीवर किती भार टाकायचा? यावलचा एप्रिल-मे मी काय सांगावा तुम्हाला. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, उपरणं मानेवरून घ्या, आणि मानेवरचा तो काळा डाग मोठा होत असेल किंवा खाजत असेल तर जळगावला कातडीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. आई, तू बरोबर जा, नाहीतर बाबा टाळतील.

जूनमध्ये चार दिवस पुण्याला या. दोन्ही प्लेट दाखवते. येताना कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी आणाल ना?

तुमची,
लेक