कपाट न करणाऱ्या सुतारकाकांना

सुतारकाका,

सप्रेम नमस्कार.

पत्र बघून तुम्ही आधी हसाल, मग चष्मा शोधाल. सापडेपर्यंत थांबते.

आम्ही तुम्हाला बोलावलं ते भिंतभर कपाट करायला. दहा बाय बाराची खोली, हातात पैसे बेताचे, आणि डोक्यात एकच खूळ की एकदाच काय ते सगळं करून टाकायचं. तुम्ही टेप काढली, खिशातला खडू काढला आणि जमिनीवर कपाटाचा चौकोन आखलात. दोन फूट खोल. त्यापुढे उघड्या दारांचे दीड-दीड फूट. मग पलंगाचा चौकोन. "आता यातून चालून दाखवा," म्हणालात. मी आडवी होऊन, पोट आत घेऊन गेले. हे माझ्यावर हसून लोटपोट झाले, पण त्यांना तर तसंही जाता आलं नाही.

"टांगायचे कपडे किती?" तुम्ही विचारलंत. मोजून अकरा निघाले. दोन फूट खोल कपाट लागतं ते टांगलेल्या कपड्यांना. घडीच्या कपड्यांना दीड फूटही पुष्कळ होतो. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. "सहा महिने राहा, मग बोलवा," म्हणून तुम्ही टेप गुंडाळलीत. हातचं एवढं मोठं काम तुम्ही सोडून दिलंत, हे मला जिना उतरताना तुमची पाठ दिसली तेव्हा लक्षात आलं.

त्याआधी मी एक शहाणपणा करून बसले होते, तो तुम्हाला माहीत आहे. घाईने घेतलेलं ते गुळगुळीत, चकचकीत टेबल. लादी पुसताना रोज त्याचे पाय भिजायचे, आणि चार महिन्यांत खालची कड फुगून पुरीसारखी झाली. तुम्ही ती कड नखाने खरवडून आतला भुसा माझ्या तळहातावर ठेवलात. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे असतात, एकाचे रेषे उभे तर पुढच्याचे आडवे, म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात. इथे नुसता चुरा आणि गोंद, एकदा पाणी प्यायला की परत बसत नाही, आणि त्यातला स्क्रू दोनदा काढून घातला की तिसऱ्यांदा धरत नाही. रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "हे टेबल वाईट नाही हो, फक्त कोरडं ठेवायला हवं होतं." खरं सांगू, मला रागावला असतात तर बरं वाटलं असतं.

मग ते जुनं दार. कुणाच्या तरी दुरुस्तीत निघालेलं, साडेसहा फुटी, तुम्ही खांद्यावर घालून आणलंत. त्याचं टेबल व्हावं म्हणून खाली टेकायला दोन घोड्या केल्यात, उंची तीस इंच, कारण अठरा इंचांच्या खुर्चीला तीच सोयीची पडते. त्यावर आम्ही जेवतो, इस्त्री करतो, मी काम करते. कडीचं भोक बुजवू का, असं तुम्ही विचारलं होतंत. बरं झालं नाही म्हटलं. चार्जरच्या वायरी आता त्यातूनच खाली जातात.

जुना पलंग घ्यायच्या आधी तुम्ही तो उलटा करायला लावलात, तेव्हा विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. टाचणीएवढी भोकं होती. मी मागे सरले. तुम्ही खाली कागद पसरलात, लाकडावर दणकट थापा मारल्यात, बोट फिरवलंत. पिठासारखी ताजी भुकटी पडली नाही. "कीड होती, बहुतेक गेली," म्हणालात, तरी घरात आणण्याआधी औषध मारायला लावलंत. पायांना खालून ठोकळे बोल्टने जोडलेत. चार ट्रंका खाली मावल्या. अकरा टांगायचे कपडे सोडून बाकी सगळा संसार त्यांत आहे.

पुस्तकांच्या फळीवरून मात्र मी वाद घातला होता. मला सहा फुटांची सलग फळी हवी होती, मधे खांब दिसायला नको होता. तुमचं म्हणणं, तीन फुटांच्या पुढे बिनआधाराची सोडायची नाही. जाडी वाढवा, मी म्हटलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. नंतर मी हट्टाने गणित करून पाहिलं: तीच फळी दुप्पट लांब करून तशीच भरली तर बाक सोळापट होतो, आणि जाडी दुप्पट केली तरी तो कमी होतो आठपटच. म्हणजे दुप्पट पैसे घालूनही फळी वाकलीच असती. तुमचा मधला टेकू उरलेल्या तुकड्याचा होता. तो वाद मी हरले, हे लेखी देते.

सहा महिने म्हणालात, दोन वर्षं झाली. कपाट कुठे हवं ते आता कळलंय. त्या भिंतीला नकोच, खिडकीशेजारच्या कोपऱ्यात हवं. तीन फूट रुंद, घडीच्या कपड्यांना पुरेल असं दीड फूट खोल, सरकत्या दारांचं. मी खडूने आखून ठेवलंय आणि दोघंही त्याच्यापुढून सरळ चालत जातो. दोन सूत इकडेतिकडे असेल, ते तुम्ही बघा.

आणि या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची.

तुमची,
दाराच्या टेबलावाली