मनगटातली दोरी

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, दुपार

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझा जुना टॅबलेट माझ्या मशीनशेजारीच असतो. त्यातल्या त्या शरीराच्या ॲपचा मला नादच लागलाय. बोटाने कातडी बाजूला सारायची, स्नायू एकेक करून उचलायचे, चुकलं तर परत जागच्या जागी. सव्वीस वर्षं ब्लाउजचे मुंढे कापतेय, पण काखेत नसांचा एवढा गुंता असतो हे आत्ता कळलं. ब्रेकियल प्लेक्सस ना? पाच मुळांच्या तीन होतात, तिनाच्या सहा, सहाच्या परत तीन दोऱ्या, आणि शेवटी पाच फांद्या. वेणीच घातलीय कुणीतरी! पुस्तकातल्या चित्राला असं मागून फिरवून बघता आलं नसतं.

तेव्हा ॲप वाईट, असं मी म्हणणार नाही. पण परवा फोनवर म्हणालीस, कॉलेजात डिसेक्शनला, प्रेत उघडून शिकवतात तेव्हा, पुढच्यांची डोकीच दिसतात, त्यापेक्षा खोलीवर बसून ॲप बरं. ते काही मला पटलं नाही.

दिवाळीत बाबांच्या हातावर दाखवलं होतंस बघ, अंगठा नि करंगळी टेकवून मनगट जरा आत वाकवलं की मधोमध दोरी वर येते, ती पामॅरिस लाँगस नावाच्या स्नायूची. मी माझ्यावर करून पाहिलं. उजव्या हातात टरारून वर आली, डाव्यात नाहीच! घाबरलेच आधी. बाबांनी शोधून वाचून दाखवलं, की कितीतरी जणांना ती जन्मतःच नसते आणि काही अडतही नाही. उलट दुसरीकडे कुठे दोरी जोडायची असली तर सर्जन हीच काढून घेतात. मग ॲपमधल्या माणसाचे हात पाहिले. त्याला दोन्हीकडे आहे.

बाबा मग वाचतच सुटले. अमेरिकेत एका पुरुषाचं प्रेत गोठवून मिलिमीटर-मिलिमीटर तासत गेले, दर थराचा फोटो काढला. १,८७१ थर! १९९४ साली ते सगळं संगणकावर आलं. तो मृत्युदंड झालेला कैदी होता म्हणे. आणि गंमत बघ, त्याचं अपेंडिक्स आधीच काढलेलं होतं. म्हणजे ज्याच्यावरून जगाने शिकायचं, त्याच्यातच एक गोष्ट कमी.

माझ्याकडे छत्तीसच्या मापाच्या दोघी येतात, एकीचा ब्लाउज दुसरीला कधी बसला नाही. तुझ्या टेबलावरचं शरीरही असंच कुणा एकाचं असणार, छापातलं नव्हे. दहा मिनिटं आधी जा, डोक्याशी जागा धर. प्रेत टिकवायच्या फॉर्मलीनने डोळे चुरचुरतील, चुरचुरू देत. ॲप रात्री आहेच.

आता मापं घेताना मी गिऱ्हाइकांची मनगटंही बघते. अकरा जणी झाल्या, दोघींना नाही. बाबा म्हणतात, बायका ब्लाउज शिवायला येतात आणि तपासून घेऊन जातात.

तुझ्या हातात आहे की नाही, ते विचारायचंच राहिलं. दोन्ही हातांचं कळव.

तुझी
आई