हवेली दिसली, राबणारे कुठे गेले?

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूसमळ्यांवरचा लेख वाचला. हवेल्यांच्या पांढऱ्या खांबांचे कौतुक रकानाभर, गुलामांना जेमतेम एक ओळ! माझी हयात सूतगिरणीत गेली. गाठी फोडताना बोंडाची वाळकी कवचे नखाखाली रुतायची. दिवसभर वेचणी करणाऱ्यांच्या बोटांचे काय होत असेल?

मिसिसिपीतला जोसेफ डेव्हिसचा मळा घ्या. त्याचा धाकटा भाऊ जेफरसन, गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष. मळ्यावरचे दुकान चालवायचा, यंत्रे सांभाळायचा बेंजामिन माँटगोमेरी, स्वतः गुलाम. त्याने बोट पाण्यातून पुढे ढकलणारा नवा पंखा बनवला, तर गुलाम म्हणून पेटंट नाकारले. (आणि मालक म्हणे उदार!) यादवी युद्धानंतर, गुलामगिरी संपल्यावर, १८६६ मध्ये त्यानेच तो मळा ३ लाख डॉलरना, उधारीवर, विकत घेतला. पुढे पूर आले, कापसाचे भाव पडले, हप्ते थकले आणि जमीन पुन्हा डेव्हिस घराण्याकडे गेली. माँटगोमेरीचा मुलगा इसाया याने १८८७ मध्ये माउंड बायू हे कृष्णवर्णीयांचे गाव वसवले.

पुढच्या पुरवणीत या बापलेकांवर निदान अर्धे पान द्या.

– एक निवृत्त गिरणी कामगार, शाहूपुरी, कोल्हापूर