बाबांचं वर्षश्राद्ध बडोद्याच्या घरीच करूया

डेल्फ्ट, नेदरलँड्स
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझा परवाचा निरोप मिळाला. वर्षश्राद्ध नाशिकला करावं, रामकुंडावर सगळी सोय होते, आईला प्रवास नको, हे तुझं म्हणणं समजतं. फोनवर मी गप्प राहिले, कारण आई तुझ्या शेजारीच बसली होती आणि मला जे म्हणायचंय ते तिच्यासमोर धड बोलता आलं नसतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र आधी तू वाच, मग आईला दे.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. श्राद्ध बडोद्याला, समा भागातल्या आपल्या घरात व्हावं. आणि तोवर घराला रंग काढू नये. दलाल म्हणतो रंग दिला की भाव चढेल, हे वहिनीनं मला सांगितलं. घर विकूच नये असं मी म्हणत नाही. पण त्या बाहेरच्या खोलीची भिंत जशी आहे तशी राहू दे.

पूर आला तेव्हा तू नाशिकला होतास, फोन लागत नव्हते, त्यामुळे त्या दिवसांचं तुला तुकड्यातुकड्यांनीच कळलं. नंतर तर बाबांच्याच आजारपणात सगळे बुडालो, पुराचं बोलायचं राहूनच गेलं. गेल्या वर्षी गोकुळाष्टमीला पावसानं जोर धरला. आईनं काल्याची तयारी करून ठेवली होती. पाणी रस्त्यावरून येईल म्हणून आम्ही दाराला पोती लावत बसलो, आणि ते आलं न्हाणीघराच्या जाळीतून. आधी बुडबुडे, मग काळं पाणी. मग ओटल्यावरून. विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांच्याही वर गेली होती. पाऊस ओसरला तरी पाणी चढतच होतं, याचा आईला सगळ्यांत जास्त धसका बसला. पावागढच्या बाजूचं, आजवा तलावाचं आणि गावाचं स्वतःचं, असं सगळं पाणी त्या एका नदीतून जायचं, आणि नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, तर गेली कित्येक वर्षं भराव घालून बुजवली जात आहेत. पाण्यानं जायचं कुठं? लहानपणी आपण ज्या कोतरांत चिंचा पाडायला जायचो, तिथं आज बंगले आहेत.

देव, सिलिंडर, पिठाचा डबा आणि आईची औषधं घेऊन आम्ही वरच्या खोलीत गेलो. वीज नव्हती. पुढच्या सोसायटीच्या आवारात मगर फिरत होती, वनखात्याची माणसं येईपर्यंत तिथल्या कोणी जिन्याची खालची पायरी गाठली नाही. होडीतून दूध आणि बिस्किटं आली. बाबा रात्रभर जिन्यात बसून बॅटरीनं पायऱ्या बघायचे. किती बुडाल्या, किती उघड्या पडल्या. मला हाक मारून सांगायचे, "उतरतंय गं."

पाणी गेल्यावर मागं राहिला तो गाळ आणि त्याचा वास. फ्रिज उताणा पडला होता, आईच्या लग्नातला शालू पेटीतच कुजला. बाबांच्या पुस्तकांच्या कपाटाचं मात्र तुला सांगायलाच हवं. पुस्तकं पाणी पिऊन इतकी फुगली होती की कप्प्यांत गच्च रुतून बसली, ओढून एकही निघेना. जोर लावला की पुठ्ठा हातात यायचा. शेवटी बाबांनी पटाशी आणली आणि कपाटाची एक बाजूच उसवली. कपाट त्यांनी स्वतः केलेलं होतं, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला असताना. तेव्हा नॅरोगेजच्या डब्यांची कामं करून घरी आले तरी त्यांचे हात थांबायचे नाहीत, आठवतं ना? उसवतानाही एकेक खिळा सरळ करून डबीत टाकत होते. मग आम्ही गच्चीवर चटया अंथरून पुस्तकं उघडी ठेवली, पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातले आणि सकाळ-संध्याकाळ ते बदलत राहिलो. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांची एकेक वीट झाली. आजोबांच्या वेळची खरखरीत कागदाची बरीचशी वाचली. वाकडी झाली आहेत, पण वाचता येतात.

आणि त्यानंतर त्यांनी ते केलं, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे. भिंत अजून ओली होती. कानावरची पेन्सिल काढली, लेव्हल लावली आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथं बाहेरच्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली. रेघेच्या डोक्यावर लिहिलं, "पाणी, २८-८-२४." तिच्या खाली २०१९ची रेघ आहेच, ३१ जुलैला एका दिवसात वीस इंच पाऊस पडला होता तेव्हाची. तीही त्यांचीच. मध्ये एकदा घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला त्यांनी तेवढी पट्टी सोडायला लावली होती, आणि आई चिडली होती की आल्यागेल्याच्या नजरेत आधी तेच भरतं. मी त्यांना विचारलं, बाबा, हे कशाला जपायचं? ते म्हणाले, "आपल्यानंतर जो इथे राहील त्याला नको का कळायला, पलंग कुठवर उचलायचा ते?"

बाबांचा हा स्वभावच होता. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा दाखवायला न्यायचे, तेव्हा आपल्याला त्याच्या कडेनं चालत पावलं मोजायला लावायचे आणि घरी आल्यावर एक्काहत्तर फूट बरोबर आले का ते पट्टीवर ताडून बघायचे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवर तू पाय ठेवायला घाबरायचास, तर त्यांनी तुला खालच्या मजल्यावर नेऊन ती काच किती जाड आहे ते दाखवलं होतं. भीती घालवायची त्यांची रीत ही अशी. मी कलाभवनात सिव्हिल इंजिनिअरिंगला गेले त्याचं मूळ तिथंच आहे.

पुरानं बाबा गेले असं मी म्हणणार नाही. त्यांचं हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तुळशीच्या लग्नानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी ते गेले. तू होतास, तुला सगळं माहीत आहे, त्यावर जास्त लिहवत नाही. चाणोदला अस्थी घेऊन निघालो तेव्हा डभोईच्या पुढं आपण दोघंही रुळांकडेच बघत होतो. छोटी लाईन गेली, तिथं आता मोठी गाडी धावते. बाबांच्या हातचे डबे त्या रस्त्यानं किती वर्षं गेले असतील. संगमावर नावाडी म्हणाला, इथं ओरसंग नर्मदेला मिळते, तेव्हा तू मान फिरवून रडलास. तुला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, दादा. त्या दिवसापासून तू मला जास्त जवळचा वाटतोस.

इकडच्या नोकरीचं पत्र बाबा असतानाच आलं होतं, आणि जा म्हणून तेच मागं लागले होते. मार्चमध्ये आले तेव्हा इथं थंडी होती, आभाळ कायम खाली आलेलं. ऑफिसात माझं काम गावांच्या पावसाच्या पाण्याचं, कोणत्या रस्त्यावर किती साचेल याचं गणित मांडायचं. पहिले काही महिने संध्याकाळी सात वाजले की बाबांचा नंबर काढून बसायची. अजून तो फोनमधून काढलेला नाही. हेगच्या बाजारात सुरीनामहून आलेली आपल्याकडची मंडळी भाजी विकतात, तिथं एकदा कोवळी कारली मिळाली. घरी आणून आई करते तशी चिंचगुळाची केली आणि पोटभर जेवले. त्या दिवसापासून जरा ठीक चाललंय. हे आईला आवर्जून सांग, तिला माझ्या जेवणाचीच काळजी असते.

उन्हाळ्यात सुट्टी काढून झीलँड प्रांतात गेले होते. हा सगळा मुलूख समुद्राच्या पातळीच्या आगेमागे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आलं, बांध फुटले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी काय बांधलं ते जगाला ठाऊक आहे. पूर्व शेल्ड नदीच्या मुखावरचा १९८६चा अडसर मी पाहिला, बासष्ट दरवाजे आहेत त्याला, एरवी उघडे असतात आणि वादळाच्या वेळी बंद होतात. पण माझं मन त्यात फारसं गुंतलं नाही. गुंतलं ते औवरकेर्क नावाच्या लहानशा गावात. तिथला शेवटचा फुटलेला बांध बुजायला नोव्हेंबर उजाडला होता. काँक्रीटच्या मोठमोठ्या पेट्या बुडवून तो बुजवला, आणि त्याच चार पेट्यांच्या पोटात आज पुराचं संग्रहालय आहे. भांडी, कपडे, चिखलातून निघालेल्या वस्तू, माणसांची नावं. आपल्या आईच्या पेटीतलं सामान कोणी जपून मांडून ठेवलं असतं तर ते असंच दिसलं असतं. मी तिथं बराच वेळ बसले.

नंतर नायमेगनला गेले. तिथं वाल नदी शहरापाशी अरुंद होते, दर पुराला धोका. त्यांनी भिंत उंच करायच्या ऐवजी बांधच साडेतीनशे मीटर मागं नेला आणि नदीला अंग पसरायला शेजारी दुसरा प्रवाह खणून दिला. त्यासाठी पन्नासएक घरं हलवावी लागली. लोकांनी खूप विरोध केला, पण माप दाखवून, बोलून, बसून ते घडवलं. नदीला जागा द्यायची म्हणजे कोणालातरी आपली जागा सोडावी लागते, हे काही सोपं नाही, आणि ज्यांना सोडावी लागली त्यांच्याबद्दल मला वाईटही वाटलं. तरी पुलावर उभी असताना सारखी विश्वामित्रीच डोळ्यांपुढे येत होती, काला घोड्याच्या पुलाखालची. तिच्या काठची जागा एकेका प्लॉटनं गेली आणि पाणी कुठवर येतं हे सांगणारं कोणी उरलं नाही. ज्यानं सांगितलं त्याची रेघ आपण चुन्याखाली घालायची?

म्हणून म्हणते, घर विकायचं तर रेघ दाखवून विकूया. भाव कमी आला तर माझ्या वाट्यातून कमी कर, मी हे मनापासून लिहिते आहे. एखादं तरुण जोडपं घेईल, तान्हं मूल असेल. त्यांना पहिल्याच दिवशी कळू दे की देव्हारा आणि विजेचे बोर्ड किती उंचावर घ्यायचे, गाडी पावसाळ्यात कुठं ठेवायची. बाबांची तेवढीच तर इच्छा होती, आणि ती त्यांनी लिहून ठेवली आहे.

आईचं असं आहे, दादा. नाशिकला ती सुखात आहे, वहिनी तिला फुलासारखं जपते, मुलांत तिचा वेळ जातो. पण दर फोनला ती मला विचारते, "कुलूप नीट लागलंय ना गं? शेजारी लक्ष ठेवतात ना?" मी हजारो मैलांवर आणि ती हे मला विचारते. जूनमध्ये ती घाईघाईत निघाली. सासूबाईंचं पाटा-वरवंट्याचं सामान, तुळस, शेजारणी, कोणाचाच धड निरोप घेतला नाही. पणजोबा गायकवाडांच्या हुजुरात कारकून म्हणून आले तेव्हापासून आपल्या घरातली कोणी बाई बडोदं सोडून गेली नव्हती, लेकी सोडून. सयाजीराव महाराज नाशिककडच्या कवळाण्याहून बडोद्याला आले आणि आपण बडोद्याहून नाशिक जिल्ह्यात गेलो, असं तू गमतीनं म्हणालास तेव्हा आई हसली होती, पण रात्री मला तिनं तेच वाक्य फोनवर पुन्हा सांगितलं आणि तिचा आवाज दाटला. तिला एकदा त्या स्वयंपाकघरात उभं राहून नैवेद्याचं पान वाढू दे. मग ती स्वतःच किल्ली देईल.

आता व्यवहाराचं. तिथी कार्तिक वद्य पंचमी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. मी दोन दिवस आधी पोचेन, रजा मंजूर झाली आहे. आईला सापुताऱ्याचा घाट सोसत नाही, तर तिला मुंबईमार्गे रेल्वेनं आण, तिकीट मी काढते. दांडिया बाजारातल्या आपल्या गुरुजींना मी मेसेज केला आहे, ते मोकळे आहेत. मी त्यांना हेही विचारलं की दादाबरोबर मलाही तर्पणाला बसायचं आहे, चालेल का. ते म्हणाले, अवश्य बस. तुझी हरकत नसावी असं मी धरून चालते. असली तर मला स्पष्ट सांग, आपण बोलू. स्वयंपाकाला शेजारच्या काकू येतो म्हणाल्या आहेत. गच्चीवरच्या खोलीत पुस्तकांची दोन पोती आहेत, त्यातली मराठी तुझ्या मुलांसाठी वेगळी काढायची आहेत. कपाट मात्र मला जोडून घ्यायचंय, खिळे डबीत आहेत.

वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आईस शिरसाष्टांग नमस्कार. रंगारी सोमवारी येणार असं वहिनी म्हणाली होती, त्याला तेवढं आजच नको म्हणून कळव.

तुझी,
मनू